नावाशिवाय थाळी वाजवू नये

जिच्याविषयी लिहिले आहे ती व्यक्ती: सुनंदा काशिनाथ म्हात्रे. नावाआधी सौ. लावावे की श्रीमती, याचा निर्णय झालेला नसल्यामुळे ती जागा रिकामी ठेवली आहे.

व्यवसाय: संगीत शिक्षिका. पूर्वीचा पत्ता पेण, हल्लीचा रोह्याच्या पलीकडे.

लिहिणारा: त्यांचा एके काळचा शेजारी, धंदा अर्जनवीस, बैठक पेणच्या कचेरीबाहेर.

घटनेचे ठिकाण: रोहा तालुक्यातील एका आश्रमशाळेची जेवणाची खोली.

घटनेची वेळ: भातकापणी उरकून वाल पेरायला घेतले होते त्या दिवसांतील एक दुपार. नक्की तारीख शाळेत असेल, माझ्यापाशी नाही.

साक्षीदार: चंदर वाघमारे, राहणार शाळेमागची कातकरवाडी, त्याची बायको विठा, शाळेचे मुख्याध्यापक, संगीताच्या तासाला बसलेली सर्व मुले, आणि मी स्वतः.

बोलावूनही हजर न झालेली व्यक्ती: काशिनाथ म्हात्रे, वरील बाईंचे पती.

येणेप्रमाणे नोंद करून मजकुरास सुरुवात करतो.

माझे शिक्षण दाखल्यानुसार सातवीपर्यंतचे आहे. त्यापुढचे कचेरीच्या पायरीवर झाले, आणि ते कोणत्याही दाखल्यावर येत नाही. माझ्या हातचा अर्ज सहसा परत फिरत नाही, हे या तालुक्यात माझ्या विरोधकांनाही मान्य आहे. माणूस समोर बसला की त्याची तक्रार त्याच्याआधी मला समजते. म्हात्रे बाईंच्या बाबतीत मात्र तसे झाले नाही. त्या समोर बसत, सांगत, मी लिहीत असे, आणि लिहून झाल्यावर वाचून दाखवले की त्या म्हणत, "बरोबर आहे. पण हे नव्हे."

आम्ही राहत होतो ती चाळ गणपतीच्या कारखान्याच्या वर होती. बाईंची खोली माझ्या खोलीला लागून, मध्ये लाकडी फळ्यांची भिंत. त्या मिठागरावर वाढलेल्या. वडील, काका, भाऊ सगळे खाडीत मीठ ओढणारे. उंच, सावळ्या, चालताना खांदे किंचित पुढे. गाणाऱ्या बाईचा म्हणून जो आवाज आपण कल्पितो तसा त्यांचा मुळीच नव्हता. बोलत तेव्हा वाटे, कोणी तरी हजेरी घेत आहे. शेजारी इतकी वर्षे राहून मी त्यांना घरात एकदाही गाताना ऐकले नाही. विचारले तेव्हा म्हणाल्या, "हलवाई घरी गोड खातो का?"

त्यांची एक खोड बाजारात सर्वांना ठाऊक होती. कोणतेही भांडे दिसले की त्या बोटाच्या पेराने त्यावर टिचकी मारीत आणि कान वाकडा करून थांबत. पेणच्या भांड्यांच्या दुकानदाराने एकदा सर्व गिऱ्हाइकांसमोर विचारले, "म्हात्रे बाई, पातेलं घ्यायचंय की त्याला स्थळ बघायचंय?" बाईंनी ते पातेले ठेवले, शेजारचे उचलले, वाजवले आणि म्हणाल्या, "ते खोटं बोलतंय. हे घेते." त्यात पुढे आमटी चांगली होत असे की नाही, हे मला माहीत नाही.

रोजची त्यांची ये-जा पेण ते रोहा रेल्वेने. आश्रमशाळेत कातकरी आणि ठाकर मुले राहून शिकत. तेथे संगीताला एक हार्मोनियम होता, ज्याच्या निम्म्या पट्ट्या दाबल्या तर फक्त वारा येई. पण बाईंची अडचण वाऱ्याची नव्हती. त्यांचे म्हणणे असे, की मुले उत्तम गातात, पण पेटी सुरू झाली की बंद पडतात. वाडीत रात्रभर नाचून गाणारी मुलगी पेटीसमोर उभी केली की तिचा सा कोठे तरी बाजूला पडे, आणि मग ती हसून तोंडावर ओढणी घेई. मुख्याध्यापकांचे मत पडले की मुलांना सूर नाही. बाईंचे मत वेगळे होते.

"पेटी सरळ बोलते," त्या मला म्हणाल्या. "ही पोरं वाकडं ऐकतात. चूक दोघांचीही नाय. पण पेटीला शिकवता येत नाही, म्हणून पोरांना रागवायचं."

म्हणून त्यांनी मुलांच्या घरची वाद्ये वर्गात आणायला सुरुवात केली. बांबूचा पावा आला, टिमकी आली, ढोल आला. कोणाच्या मामाने घुंगरांची काठी दिली, ती तालासाठी आली. मुले आपोआप येऊ लागली. ज्यांचा तास नव्हता तीही खिडकीत उभी राहू लागली. पण गाण्याच्या खाली अखंड धरून ठेवणारा सूर हवा, तो यांतले एकही वाद्य देत नव्हते. तंबोरा शाळेला मिळणार नव्हता, आणि मिळाला असता तरी तो पेटीचाच भाऊ, असे बाई म्हणत.

तो सूर त्यांना एका मयताच्या कार्यात सापडला. एका विद्यार्थिनीची आजी वारली होती, म्हणून बाई वाडीवर गेल्या होत्या. तेथे चंदर वाघमारे थाळी वाजवीत होता. काशाची थाळी उपडी नाही, सरळ ठेवायची. मधोमध मधमाशांच्या मेणाचा गोळा चिकटवायचा. त्यात एक लांब, वाळलेली काडी उभी रोवायची. आणि बोटांना राख लावून काडी वरून खाली, वरून खाली ओढत राहायची. थाळी गुणगुणते. रांजणात माशी कोंडावी तसा तो आवाज, पण न थकणारा. त्यावर चंदर मेलेल्या म्हातारीला बोलावत होता, आणि बाईंच्या वर्गात पेटीसमोर तोंड न उघडणारी मुलगी त्याच सुरात रडत होती. रडत होती ते बरोबर सुरात, एवढे बाईंच्या लक्षात राहिले. हे सांगताना त्यांना स्वतःचीच शरम वाटल्यासारखे दिसले, पण त्या पुढे सांगत राहिल्या.

त्यांच्या सांगण्यावरून मी शाळेतर्फे वरिष्ठ कार्यालयास विनंती अर्ज लिहिला: लोकवाद्यांद्वारे संगीत शिक्षण देण्याकामी काशाच्या थाळ्या मिळाव्यात. मसुदा उत्तम होता. उत्तर आले की सदर वस्तू मंजूर वाद्यांच्या यादीत नसून ती स्वयंपाकगृहाच्या भांड्यांत मोडते, तरी मागणी त्या सदराखाली करावी. मी म्हटले, आपण अपील करू. बाई म्हणाल्या, "कशाला? भांडी म्हणून मागा. आलं की झालं." तशी मागणी केली. भांडी म्हणूनही थाळ्या आल्या नाहीत, मोठे झारे मात्र आले. शेवटी मुलांनी घरून जुन्या थाळ्या आणल्या, काही काशाच्या, काही पितळेच्या, एक चक्क स्टीलची. स्टीलवर मेण धरेना. तरी तो मुलगा ती घेऊनच बसे.

येथे काशिनाथ म्हात्रे यांच्याविषयी सांगणे भाग आहे.

काशिनाथ कंपनीत शिफ्टला जात असत. एके दिवशी दुसऱ्या शिफ्टला म्हणून पेणहून गाडीत बसले आणि कंपनीत पोचले नाहीत. वाटेत कासू स्टेशनला उतरून चहा पिताना पाहिले, असे एकाने सांगितले. गडबजवळ महामार्गावर टपरीपाशी पाहिले, असे दुसऱ्याने. दोघांच्या सांगण्यातला शर्टाचा रंग जुळला नाही. त्यानंतर काहीच नाही. भांडण नव्हते, आजार नव्हता. फळ्यांच्या भिंतीपलीकडे मी राहत होतो, म्हणून हे मी खात्रीने लिहू शकतो.

बेपत्ता झाल्याची पहिली तक्रार मीच लिहिली. उंची, वर्ण, बांधा, अंगावरील कपडे हे सर्व लिहून झाले. ओळखीची खूण काय, असे विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "लिहा. काम करताना नाकातून गुणगुणतो, आणि नेहमी अर्धा सूर खाली असतो."

मी म्हटले, "बाई, तीळ, व्रण, गोंदण असं काही."

"तीळ दुसऱ्याला पण असतो. हे दुसऱ्याला नाही."

मी लिहिले. ठाण्यातल्या हवालदाराने ते मोठ्याने वाचले आणि म्हणाला, "अर्धा सूर खाली असलेला माणूस आम्ही पकडायचा कसा हो? प्रत्येकाला गायला लावायचं?" बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. "लावा," म्हणाल्या.

त्यानंतर दर पावसाळ्याआधी आणि दर दिवाळीनंतर त्या माझ्यासमोर येऊन बसत आणि मी शोध घेण्याबाबतचा स्मरण-अर्ज लिहीत असे. मजकूर तोच, खूण तीच. पुढे कायद्याने ठरलेली वर्षे उलटली. इतकी वर्षे माणसाचा ठावठिकाणा नसला तर तो मृत मानावा, असा अर्ज कोर्टात करता येतो. काशिनाथांचे थोरले भाऊ दोनदा येऊन गेले. "वयनी, आमी काय तुजं वायट बघतो काय गो? एक सही कर. सगलीच कामा अडून ऱ्हायलीत." मी तो अर्ज तयार करून ठेवला होता. बाईंनी तो वाचला, कागद सरळ करून परत माझ्यापुढे ठेवला आणि सही केली नाही. भाऊ गेल्यावर एवढेच बोलल्या, "मी सही केली म्हणून कोण मरत नाय. पण मी सही केली असं होईल."

आता चंदर. हा मनुष्य बुटका, पाय फेंगडे, स्वतःविषयी मोठे मत असलेला. आपल्यासारखी थाळी कुंडलिकेच्या दोन्ही काठांवर कोणी वाजवत नाही, असे तो न विचारता सांगे. त्याची बायको विठा लगेच म्हणे, "व्हय, बाकीचे मेले म्हणून." बाईंनी त्याला शाळेत येऊन मुलांना थाळी शिकवायला सांगितले. तो आला. मेण कसे मऊ करायचे, काडी कशी निवडायची, राख किती, हे सर्व त्याने दाखवले, आणि दोन मुलांच्या काड्या स्वतः मोडल्या व दोष काड्यांना दिला. पण वाजवून दाखवा म्हटल्यावर हात झटकून उभा राहिला.

"वाजवायची नाय."

"शिकवायला आलात ना?" मुख्याध्यापक म्हणाले.

"शिकवतो की. पण रिकामी वाजवायची नाय. थाळी वाजवली म्हंजे हाक मारली. हाक कोनाला मारली, ता नाव नको?"

बाई म्हणाल्या, "मग नाव घ्या. माझ्या आईचं घ्या."

"कार्य झाला?"

"झालं."

"मग नाय. ज्याचा कार्य झाला तो गेला वाटेनं. त्याला उगा का उठवाचा?"

मुलांनी आपापल्या घरची नावे सांगितली. सगळ्यांची कार्ये झालेली. कातकरी माणूस दुसरे काही उधार ठेवील, हे ठेवत नाही. चंदरने थाळी शबनम पिशवीत घातली. कार्य न झालेला मेलेला माणूस असेल तर सांगा, म्हणाला, आणि निघाला.

हे सर्व बाईंनी मला त्या संध्याकाळी चाळीच्या जिन्यात सांगितले. खाली कारखान्यात मूर्तींना हात जोडण्याचे काम चालले होते. त्या म्हणाल्या, "उद्या रोह्याला येता का माझ्याबरोबर? तुम्ही त्यांना ओळखत होतात."

"कोणाला?"

विचारता विचारताच मला समजले. सही न करणारी बाई काय करायला निघाली आहे ते समजले, आणि मी, ज्याला प्रत्येक प्रसंगाला लागू होणारे वाक्य येते, फक्त "येतो" म्हणालो.

वाडीच्या रीतीनुसार ज्याला बोलवायचे तो कोणाच्या तरी अंगात येतो, बोलतो, विडी-काडी मागतो, राहिलेले सांगतो. तो खरोखर तोच आहे, हे ओळखणारे कोणी लागते. त्या कामी मी. त्याच्या आवडीचे खाणे लागते; बाईंनी वालाचे बिरडे आणि तांदळाच्या भाकऱ्या डब्यात घेतल्या होत्या. गाडीत त्यांनी डबा मांडीवर ठेवला होता आणि खिडकीबाहेर पाहत होत्या. कासू आले तेव्हाही बाहेरच पाहत होत्या. फलाटावर चहा पिणारी माणसे होती. मी बाईंकडे पाहिले, त्यांनी माणसांकडे. गाडी सुटली.

जेवणाच्या खोलीत मुले भिंतीला पाठ लावून बसली होती. मुख्याध्यापक दारात उभे होते. आत येऊ नये आणि निघूनही जाऊ नये, अशा जागी. चंदर अंघोळ करून, स्वच्छ बंडी घालून आला होता. विठा बाजूला बसली. त्याने मेण बसवले, काडी रोवली, बोटे राखेत घातली आणि विचारले, "नाव?"

बाई मुलांकडे पाहत होत्या. त्या वेळी त्यांचा चेहरा कसा होता, असे मला पुष्कळांनी पुढे विचारले. तो नेहमीसारखाच होता. दुकानात पातेले वाजवून कान देताना असे तसा.

"काशिनाथ," त्या म्हणाल्या.

"बापाचा नाव?"

"काशिनाथ धर्मा म्हात्रे."

थाळी सुरू झाली. तो आवाज आधी खोलीत नसतो आणि मग पहिल्यापासून असल्यासारखा वाटतो. चंदर हाका मारू लागला. ये रे काशिनाथा, धर्माच्या लेका, तुझी बायको आली, तुझा शेजारी आला, बिरडं आणलंय, ये. सर्वजण एकमेकांकडे पाहत होते, कोणाच्या अंगात येतो म्हणून. एका मुलाला शिंक आली तर सगळे त्याच्याकडे वळले, आणि तो घाबरून म्हणाला, "मी नाय! मी नाय!" विठा म्हणाली, "गप ऱ्हा रं, तुला कोन बोलवतंय." मुले हसली. चंदर वाजवत राहिला. मला त्या आवाजात काहीही झाले नाही. एखाद्या कचेरीत आपला पुकार होईपर्यंत बसावे तसा मी बसलो होतो. इतके मात्र खरे, की मुले नकळत त्या सुराशी गुणगुणू लागली होती. पेटीसमोर एकाचाही सा न लागणारी ती सर्व मुले एका सुरात होती. बाईंना जे हवे होते ते त्या क्षणी खोलीत होते, आणि त्यांचे तिकडे लक्ष नव्हते.

पुष्कळ वेळ गेला. चंदरची बोटे लाल झाली. मग त्याने काडी सोडली आणि कपाळ पुसले.

"नाय आला."



"नीट बोलावलास काय रं?" विठाने विचारले.

"माजी हाक चुकत नाय! मेला असता तर आला असता. बिरडा आणल्यावर कोन ऱ्हातो?" मग बाईंकडे वळून, मोठा आनंद झाल्यासारखा, तो म्हणाला, "बाय, नवरा जिता हाय तुजा. खुशाल ऱ्हा. कुंकू लाव मोठा."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. खरोखर वाजवल्या. "बाई, तुमचा नवरा जिता हाय!" असे ओरडत दोन-तीन मुली येऊन बाईंना बिलगल्या. मुख्याध्यापकही दारातून म्हणाले, "चांगलं झालं हो, म्हात्रे बाई." मी त्यांच्याकडे पाहिले तेव्हा त्यांना आपण काय बोललो ते कळले असावे, कारण ते ऑफिसकडे निघून गेले.

बाईंनी मुलींचे हात हळूच सोडवले. "बसा," म्हणाल्या. "आता जो आवाज ऐकलात तो कोणाच्या डोक्यात राहिलाय? तोंड मिटून धरा." मुलांनी धरला. तास पूर्ण झाला.

परतीच्या गाडीत डबा पुन्हा त्यांच्या मांडीवर होता. कासू सुटल्यावर त्यांनी तो उघडला आणि बिरडे-भाकरी खायला घेतली. मला विचारले नाही, आणि मला विचारावे असे वाटलेही नाही. पेण येईपर्यंत त्यांनी सर्व डबा संपवला, बोटे पुसली, झाकण लावले.

"मेला असता तर आला असता," त्या म्हणाल्या.

मी म्हटले, "ती वाडीची समजूत आहे, बाई. कायद्यात त्याला आधार नाही."

"कायद्यात नाही." त्यांनी मान हलवली. "तुमच्या अर्जांना इतकी वर्षं कोणी उत्तर दिलं का? थाळीने एका दुपारी दिलं."

त्या दिवाळीनंतर स्मरण-अर्जासाठी त्या आल्या नाहीत. मी होऊन विचारले. त्या कचेरीच्या फाटकाशी उभ्या होत्या, हातात भाजीची पिशवी. म्हणाल्या, "हरवलेल्याला शोधायचं. जो आहे, आणि जिथे आहे तिथे आपल्या मर्जीने आहे, त्याला शोधून काय सांगायचं? घरी चल?" मग कोर्टाचा अर्ज काढू का, असे मी विचारले. त्यावर म्हणाल्या, "जित्या माणसाला मेला म्हणून लिहायचं? तुम्हीच म्हणता ना, खोटा अर्ज करू नये." दोन्ही अर्ज माझ्याकडे पडून राहिले. माझ्या आयुष्यात असा पक्षकार दुसरा नाही, ज्याचा प्रश्न सुटला आणि ज्याला त्यातून काहीच मिळाले नाही. लोक धीर देत की नवरा जिवंत आहे, हे काय कमी. त्या "हो" म्हणत.

थाळीचा प्रश्न मात्र पुढे सुटला, आणि तो विठाने सोडवला. एके दिवशी ती शाळेच्या विहिरीवर बाईंना म्हणाली, "बाय, मानसाचाच नाव कशाला पायजे गो? कोंबडी मरते तिचा कार्य कोन करतो? शेळीचा कोन करतो? त्यांची नावा घ्या की." चंदरने पुष्कळ विचार केला, कारण बायकोचे लगेच मान्य करणे त्याला जड जाई, आणि शेवटी म्हणाला की कोंबडीचे चालेल. विठा म्हणाली, "हा मंग, मेल्या, आदी नाय सुचला तुला?" बाई घागर भरत होत्या. हे आधी सुचले असते तर, असे कोणीही म्हणाले असते. त्या म्हणाल्या नाहीत. घागर डोक्यावर नसून कमरेवर होती, तरी मान सरळ ठेवून गेल्या, असे विठा मला सांगत होती.

पुढच्या गौरी-गणपतीत, कारखान्यातल्या मूर्ती घरोघरी गेल्यावर, बाईंनी चाळीतली खोली सोडली. रोज जाणे-येणे नको म्हणून शाळेजवळच राहते, असे सांगितले. सामान थोडे होते. फळ्यांच्या भिंतीपलीकडे आता दुसरे बिऱ्हाड आहे. ते रेडिओ लावते.

मी त्यांना शेवटचे पाहिले ते रोह्याला एका जमिनीच्या कामाला गेलो होतो तेव्हा. काम लवकर आटोपले, म्हणून शाळेकडे चालत गेलो. संगीताचा तास चालू होता. मी खिडकीशी थांबलो. आत गेलो नाही. मुले ओळीने बसली होती, प्रत्येकापुढे थाळी, मेण, काडी. बाई एकेकाजवळ जाऊन विचारत होत्या, "नाव?"

"आमची काळी शेळी."

"कशाने गेली?"

"बिबट्यानं."

"वाजव."

थाळी सुरू होई. मग पुढच्याकडे. "नाव?"

"मोत्या कुत्रा. ट्रकखाली."

"वाजव. बोट सरळ ठेव, काडी मोडशील."

"बाई, माजी कोंबडी कापून खाल्ली, चालल का?"

सगळा वर्ग हसला. "कार्य केलंस का तिचं?" बाईंनी विचारले. "नाय." "मग चालेल. वाजव."

हळूहळू सर्व थाळ्या एका आवाजात आल्या. तो आवाज खिडकीच्या गजातून हाताला लागत होता. मुले त्यावर गाऊ लागली आणि चुकली नाहीत. बाई मधे उभ्या होत्या. त्यांच्या हातात थाळी नव्हती. मुलांची बोटे धरून त्या काडीवर ओढून दाखवीत, स्वतः काडीला हात लावीत नव्हत्या. एका लहान मुलीच्या ते लक्षात आले. तिने आपली थाळी उचलून पुढे केली. "बाई, तुमी वाजवा ना. तुमचा नाव सांगा."

बाई खाली वाकल्या आणि थाळी तिच्यापुढे नीट ठेवली.

"माझं कोणी गेलेलं नाही," त्या म्हणाल्या. "तू वाजव."

मी तेथून निघालो. त्यांनी मला पाहिले की नाही, सांगता येत नाही.

सबब, काशिनाथ धर्मा म्हात्रे, जेथे असतील तेथे, यांस विनंती की: आपणांस आजवर पोलीस ठाण्यामार्फत अनेकदा आणि रोहा तालुक्यातील शाळेत एकदा, आपल्या पत्नी व साक्षीदारांसमक्ष, पुरे नाव घेऊन बोलावण्यात आले. आपण कोणत्याही बोलावण्यास उत्तर दिलेले नाही. आपल्या पत्नीची आता कोणतीही मागणी नाही, आणि हा मजकूर त्यांच्या सांगण्यावरून लिहिलेला नाही. मी तो माझ्या जबाबदारीवर लिहिला आहे. तरी आपण जिवंत असल्यास तसे दोन ओळींत कळवावे. नसल्यास कृपा करून यावे.

कळावे, उत्तराची वाट पाहत आहे.